अदा दिसली पाहिजे

परदेशात कथक, भरतनाट्यम, लावणी टिकली याचं श्रेय आपण गुरूंना आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना क्लासला नेणाऱ्या पालकांना देतो. ते रास्तच आहे. पण त्यात प्रकाशयोजनाकाराचाही वाटा आहे, कारण आपल्या नृत्यातला अभिनय चेहऱ्यावर असतो आणि परक्या सभागृहात आधी चेहराच हरवतो. मार्था ग्रॅहमबरोबर काम केलेल्या जीन रोझेन्थाल यांनी अमेरिकेत नृत्यासाठी विंगांतून येणारा आडवा प्रकाश रुजवला. गिरकी, झेप, ताणलेला हात त्यात कोरल्यासारखा उठतो. तोच प्रकाश खंडिता नायिकेवर टाकला की अर्धा चेहरा काळोखात जातो, भुवईची हालचाल चौथ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. समोरून भगभगीत झोत मारला तर चेहरा सपाट होतो. म्हणून समोरून दोन्ही बाजूंनी तिरका, सौम्य उजेड हवा; घुंगरांच्या पायांसाठी विंगेत खाली लावलेला दिवा वेगळा.

यावर कुणी म्हणेल, देवळात आणि फडावर कुठे होते डिमर? नव्हते, योजना मात्र होती. कथकळीत रंगमंचासमोर ठेवलेल्या दिव्याची जाड वात नटाच्या बाजूला असते. तेलाच्या दिव्यालाही चेहरा कुठे आहे हे ठाऊक होतं! दुसरा आक्षेप मला जास्त पटतो: दिव्यांचा झगमगाट नाच गिळून टाकतो. दर आवर्तनाला रंग बदलणारे एलईडी पाहिले की तसंच वाटतं. हिरव्या नऊवारीवर लाल प्रकाश पडला की साडी काळपट दिसते, जर तेवढी चमकत राहते. पण हा दोष दिव्यांचा नाही, वेशभूषा आणि प्रकाश यांचा विचार वेगवेगळ्या घरी झाल्याचा आहे. रंगीत तालमीत साडी दिव्याखाली धरून पाहायला पाच मिनिटं लागतात.

खर्चाचं म्हणाल, तर सभागृहाचं भाडं तासावर असतं आणि मंडळं काटकसर करतात ती नेमकी तांत्रिक तालमीत. मग बोर्डावरच्या स्थानिक ऑपरेटरला सम कळणार कशी? त्याच्या कागदावर ‘गाणं संपल्यावर’ एवढंच लिहिलं तर अंधार टाळ्यांनंतर येतो. तिथे ‘तिहाईचा तिसरा पल्ला, शेवटच्या धा वर’ असं लिहून, हाताने ताल धरणारी एखादी विद्यार्थिनी त्याच्या शेजारी बसवली, तर अंधार समेवर अचूक येतो. त्या दोघांची नावं स्मरणिकेत ध्वनी आणि भोजन समितीच्या खाली का छापायची, हे मला अजून उमगलेलं नाही.