भूजल संभाव्यता नकाशे: हिरवा पट्टा आणि कोरडा बोअर

खाम, सुखना, शिवना, गिरजा, दुधना... छत्रपती संभाजीनगरच्या आसपासचं कुठलंही खोरं घ्या, ‘जीआयएस व सुदूर संवेदनाद्वारे भूजल संभाव्य क्षेत्रांचे निर्धारण’ हा विषय लगेच तयार होतो. पद्धत तर पाठच झालेली असते. भूशास्त्र, उतार, निचरा घनता, लिनियामेंट, मृदा, भूवापर, पर्जन्य असे सात-आठ थर करायचे, एएचपीने वेटेज द्यायचं, बेरीज करायची आणि ‘उत्तम’ ते ‘अत्यल्प’ असे पाच रंग भरायचे.

पद्धत टाकाऊ नाही. कमी खर्चात सगळं खोरं डोळ्यांखालून जातं आणि विद्युत रोधकता सर्वेक्षण आधी कुठे करायचं ते ठरवता येतं. पण आपल्या दख्खनच्या खडकावर ती जशीच्या तशी लावली की तीन ठिकाणी गोची होते. तुम्ही हा विषय घेणार असाल तर आधीच समजून घ्या.

पहिली गोची भूशास्त्राच्या थरात. बहुतेक वेळा अख्ख्या खोऱ्यावर ‘डेक्कन बसाल्ट’ हा एकच रंग असतो आणि वेटेज मात्र सगळ्यात जास्त. आता गणित बघा. वेटेज ३० आणि गुणांक ३ असेल तर प्रत्येक पिक्सेलमध्ये सारखेच ९० मिळवले जातात. क्रमवारी तसूभरही बदलत नाही. थर असून नसल्यासारखा! आपल्याकडे खडकातला मोठा फरक खाली जाताना दिसतो: वर मुरूम, मग कुठे मांजऱ्या, कुठे भेगाळलेला, कुठे ठणठणीत काळा पाषाण. उपग्रहाला हे दिसत नाही. त्यासाठी विहिरीत डोकावून छेद नोंदवावे लागतात.

दुसरी गोची वेटेजची. उतार, निचरा घनता आणि पुष्कळदा लिनियामेंटही एकाच डीईएममधून काढलेले असतात. म्हणजे एकच माहिती तीनदा मोजली जाते. ‘कन्सिस्टन्सी रेशो ०.१ पेक्षा कमी आला’ हे वाक्य प्रबंधात छान दिसतं, पण त्यातून एवढंच कळतं की तुमची मतं आपसात जुळतात. ती खोऱ्याशी जुळतात का, हा प्रश्न तसाच राहतो. ‘उतार कमी म्हणजे पाणी मुरणार’ हे गृहीतकही तपासा. सपाट काळ्या जमिनीत भेगा मिटल्या की पाणी फार सावकाश मुरतं.

तिसरी आणि सगळ्यात गंभीर गोची पडताळणीची. विहिरी मुळात पाणी लागतं तिथेच जास्त असतात, नदी-नाल्यांच्या काठी. नकाशातला हिरवा पट्टाही तिथेच. मग ‘अचूकता’ चांगली येणारच! कोरडे गेलेले बोअर यादीत नसतील तर नकाशाची परीक्षा झालीच नाही. शिवाय पाणीपातळी आणि विहिरीची क्षमता वेगळी. जायकवाडीच्या डाव्या कालव्याजवळच्या विहिरीला पाणी दिसतं, पण त्यात सिंचनातून झिरपलेलं किती, हे वेगळं काढायला हवं. उथळ विहीर आणि खोल बोअर एकाच रकान्यात टाकणंही चूक. दोन्हींचं पाणी वेगवेगळ्या थरांतून येऊ शकतं.

मग करायचं काय? एक छोटं पाणलोट निवडा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या मान्सूनपूर्व व मान्सूननंतरच्या नोंदी मिळवा. पंचवीस-तीस विहिरी स्वतः बघा, शेतकऱ्यांना फसलेल्या बोअरबद्दल विचारा आणि त्या जागा नोंदवा. वेटेज थोडं बदलून नकाशा किती हलतो तेही दाखवा. प्रत्येक थर एकेकदा काढून बघा. कुठला थर बिनकामाचा होता ते लगेच कळेल.

हे सगळं मौखिक परीक्षेसाठी सांगत नाहीये. तुमचा नकाशा कुणी गावात नेला, तर त्यावर बोट ठेवून एखादा शेतकरी कर्ज काढून बोअर घेईल. ‘उत्तम’ लिहिलेल्या जागी धूळ निघाली तर पैसे त्याचे जातात, आपली पदवी कायम राहते. म्हणून पाच रंगांच्या शेजारी एक नकाशा आणखी द्या: कुठल्या भागाबद्दल आपल्याला खात्री नाही, त्याचा.