पायांची पत

माणसाची पत पाहण्याचे आम्हां बँकवाल्यांचे नियम ठरलेले : तारण, जामीन आणि सही. समाजाचा नियम त्याहून सोपा. तो खाली बघतो. पायांत काय आहे, यावरून वर कोण आहे हे तो ठरवतो. बँकेचे काउंटर छातीइतके उंच असल्यामुळे गिऱ्हाइकाचे पाय आम्हांला दिसत नाहीत. आमच्याकडे जी काही समता आहे, ती सुताराची कृपा!

खरी पंचाईत होते ती अनवाणी माणसाची. पंढरीच्या वाटेवर अनवाणी चालला तर तो भक्त. नवरात्रात नऊ दिवस ऑफिसात तसाच आला तर साहेबसुद्धा अदबीने बाजूला सरकतात. पण दसऱ्यानंतरही तसाच आला की, "काय हो, घरी सगळं ठीक आहे ना?" म्हणजे अनवाणी राहायला हरकत नाही, फक्त सबळ कारण जोडलेले हवे. अर्जाला दाखला जोडतात तसे.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. चित्रकार हुसेन यांनी 1964 साली कवी मुक्तिबोध गेले तेव्हा पायताण सोडले, असे सांगतात. 1988 साली मुंबईतल्या एका क्लबाने पायांत काही नाही म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवले. त्यांचे घोडे मात्र बिननालाचे असूनही भल्याभल्यांच्या दिवाणखान्यात बिनदिक्कत उधळत होते.

बरे, चप्पल घातली म्हणजे सुटलो असेही नाही. कोल्हापुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी "पार्टीला ही करकर कशाला?" म्हणणारे होतेच. जून 2025 मध्ये प्राडाने मिलानमध्ये तसलीच चप्पल मिरवली, तीही कोल्हापूरचे नाव न घेता, तेव्हा कुठे आपल्याला ती आपली वाटली. संताप योग्यच होता; प्रेम तेवढे उशिरा आले.

पण समाज अगदीच वाया गेलेला नाही. मार्च 2018 मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून सुमारे 180 किलोमीटर चालत मुंबईत आले. कुणाच्या चपला तुटलेल्या, कुणाच्या तळव्यांची सालटी निघालेली. ते पाय पाहून मुंबईकर चपला घेऊन धावले. तेव्हा दाखला नाही, कारण नाही, पत नाही, एकच प्रश्न उरला होता : "बाबा, नंबर कितीचा?"

अनवाणी माणसाला विचारण्यासारखा तेवढा एकच प्रश्न आहे.