रेषेचा संयम : नसरीन मोहमदी यांच्या रेखाटनांविषयी काही विचार

नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) यांच्या कलेचा उल्लेख निघाला की दोन विशेषणे हटकून योजिली जातात. एक ‘मिनिमल’ आणि दुसरे ‘उपेक्षित’. पहिले विशेषण त्यांच्या चित्रांचे वर्गीकरण करते. दुसरे त्यांच्या कीर्तीचा हिशेब मांडते. ही दोन्ही विशेषणे सर्वस्वी चुकीची आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या विशेषणांमुळे कलाकृतीकडे पाहण्याचे श्रमच वाचतात, ती समीक्षेला उपकारक न होता घातकच ठरतात. प्रस्तुत लेखाचा हेतू या दोन विशेषणांची तपासणी करावी आणि त्या निमित्ताने रेखाटनांकडे पुन्हा वळावे, एवढाच मर्यादित आहे.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. नसरीनबाईंचा जन्म कराचीचा; बालपणीच कुटुंब मुंबईस आले. १९५४ ते १९५७ या काळात त्यांनी लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिक्षण घेतले व पुढे काही काळ पॅरिसमध्ये काढला. मुंबईत भुलाभाई देसाई स्मारक संस्थेच्या परिसरात त्यांचे काम चाले. वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या ज्येष्ठ चित्रकारांचा सहवास त्यांना तेथे लाभला. १९७२ पासून त्यांनी बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात ललितकलेचे अध्यापन केले. अखेरचे दिवस त्यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे, समुद्राच्या सान्निध्यात घालविले आणि तेथेच त्यांचे निधन झाले.

आता चित्रांकडे वळू. साठीच्या दशकातील त्यांच्या कामांत शाईचे व जलरंगाचे पातळ थर आहेत; झाडाच्या फांद्या, वाळूवरील ओरखडे, क्षितिज यांचा भास त्यांत होतो. सत्तरीच्या दशकात हा निसर्गाभास मावळतो आणि कागदावर आडव्या-उभ्या रेषांची जाळी अवतरते. आरेखकाची पट्टी, शिसपेन्सिल आणि शाई एवढीच सामग्री. प्रथमदर्शनी ही जाळी यांत्रिक वाटते. परंतु दोन-चार मिनिटे स्थिर राहून पाहिले असता तिचे यांत्रिकत्व लोपू लागते. रेषांमधील अंतर सर्वत्र सारखे नाही; ते कोठे आकसते, कोठे सैलावते. एक रेषा ठसठशीत उमटते, तिच्या शेजारची जवळजवळ विरून जाते. मागावर ताणलेल्या ताण्याकडे पाहताना सूत आणि सुतांमधला उजेड यांपैकी नक्की काय आपण पाहतो ते कळेनासे व्हावे, तसा काहीसा हा अनुभव आहे. ही उपमा केवळ आमच्या सोयीची नव्हे. नसरीनबाईंनी काढलेल्या छायाचित्रांत मागावरचे धागे आहेत, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी आहे, ओहोटीनंतरचा किनारा आहे. ही छायाचित्रे त्यांनी आपल्या हयातीत कधी प्रदर्शित केली नाहीत. तथापि त्यांवरून एवढे निश्चित दिसते की, ही भूमिती पाठ्यपुस्तकातून आलेली नसून डोळ्यांनी जगात शोधलेली आहे.

मराठी वाचकाला येथे मर्ढेकरांच्या लयसिद्धांताची आठवण होणे स्वाभाविक आहे. संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी कलाकृतीची संघटना सिद्ध होते, हे त्यांचे प्रतिपादन सुपरिचित आहे. सत्तरीतील जाळ्यांना ते उत्तम रीतीने लागू पडते. समांतर रेषांचा संवाद, ठळक-फिक्या रेषांचा विरोध, आणि या दोहोंचा पृष्ठभागावर साधलेला समतोल, असे विश्लेषण सहज करता येईल. खरी अडचण उद्भवते ती ऐंशीच्या दशकातील रेखाटनांपाशी. येथे जाळी नाहीशी होते. एखादी तिरपी रेषा, काही निमुळते त्रिकोण, क्वचित एखादा वक्र कागदाच्या एका बाजूस झेपावतात आणि उरलेला पृष्ठभाग कोराच राहतो. समतोल साधावयास दुसऱ्या पारड्यात काही ठेवलेलेच नाही! मग ही चित्रे कोलमडत का नाहीत? आमच्या मते याचे उत्तर असे की, येथे रिकामा कागद हीच दुसरी बाजू झालेली आहे. तो पार्श्वभूमी म्हणून मागे राहात नाही. रेषेच्या वेगाला तोलून धरणारे वजन म्हणून पुढे येतो. म्हणजे लयसिद्धांत येथे कोसळत नाही, परंतु ‘घटक’ कशास म्हणावे याची त्याची कल्पना विस्तारावी लागते. चांगली कलाकृती सिद्धांताला असे काम लावते, यातच तिची थोरवी आहे.

‘मिनिमल’ या विशेषणाची मर्यादाही येथेच उघड होते. साठीच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बहरलेल्या त्या संप्रदायातील अनेकांनी कारखान्यात घडविलेले साहित्य वापरले आणि कलावंताच्या हाताची खूण पुसून टाकण्याचा आग्रह धरला. नसरीनबाईंची तुलना वारंवार ॲग्नेस मार्टिन यांच्याशी केली जाते. मार्टिन यांनीही पेन्सिलीने जाळ्या रेखाटल्या. परंतु त्यांची ख्यातनाम चित्रे सहा फूट चौरसाच्या कॅनव्हासवर आहेत आणि त्यांत रेषा प्रायः आडव्या-उभ्या दिशांतच नांदतात. नसरीनबाईंचे काम मुख्यतः टेबलावर मावेल अशा कागदावरचे आहे. आणि तिरप्या रेषेने त्यांनी जाळीची शांती स्वतःच भंग केली. एकीची परिणती स्थैर्यात, दुसरीची उड्डाणात. साम्य दिसते ते साधनांचे. प्रयोजन भिन्न आहे.

उत्तरायुष्यात त्यांना स्नायूंवरील ताबा हळूहळू हिरावून घेणाऱ्या व्याधीने ग्रासले होते. अशा हातांनी इतक्या अचूक रेषा ओढल्या, ही गोष्ट कोणाचेही मन हेलावून टाकील. पण सहानुभूती आणि मूल्यमापन यांची गल्लत होता कामा नये. रेषा श्रेष्ठ आहे ती कष्टाने ओढली म्हणून नव्हे. ती कागदावर जेथे आहे तेथेच असणे अपरिहार्य वाटते म्हणून. स्त्री-कलावंताच्या बाबतीत तर हे अवधान अधिकच राखावयास हवे. कारण तिच्या कलेची किंमत तिच्या दुःखाच्या मापाने करण्याची आपली सवय जुनी आहे.

राहता राहिला उपेक्षेचा प्रश्न. समकालीन चित्रकारांत व विद्यार्थ्यांत त्यांना मान होता. त्यांचे नाव कोणास ठाऊकच नव्हते असे नाही. मात्र त्या काळात बडोद्याच्या वर्तुळात माणसाची, स्थळाची व कथनाची चित्रकला चर्चेच्या केंद्रस्थानी होती. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनाने त्या प्रवृत्तीला नाव दिले. जेथे ‘चित्र काय सांगते’ हाच प्रश्न अग्रेसर, तेथे काहीच न सांगणाऱ्या रेषेला आदर मिळेल, पण भाष्यकार मिळणार नाही. उपेक्षा झाली ती या अर्थाने. पुढे २००७ मध्ये कासेलच्या डॉक्युमेंटात, २०१३ मध्ये दिल्लीत, २०१५ मध्ये माद्रिदला त्यांची चित्रे मांडली गेली. आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपल्या नव्या ‘मेट ब्रॉयर’ इमारतीचे दार उघडले तेव्हा आरंभीच्या प्रदर्शनांत त्यांचे एक होते. उपेक्षेची कहाणी येथे सुखान्त झाली असे मानण्याचा मोह होतो. पण कीर्ती वाढली म्हणजे आकलन वाढलेच, असे नव्हे. कालची शांतता आणि आजचा गौरव, दोन्ही चित्रासमोर न थांबताही शक्य असतात.

अभ्यासकांपुढील काम म्हणूनच अद्याप शिल्लक आहे. परिपक्व काळातील बहुतेक चित्रांना त्यांनी शीर्षक दिले नाही व तारीखही घातली नाही. वर मांडलेला दशकवार क्रम हा बराचसा शैलीवरून बांधलेला अदमास होय, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. कागद, शाई, रोजनिशीची पाने आणि छायाचित्रे यांचा मेळ घालून तो क्रम पारखून घेणे हे धीराचे काम आहे. ज्या कलावतीने एकेका रेषेसाठी इतका संयम पाळला, तिच्या समीक्षकाने विशेषण योजण्यापूर्वी थोडा धीर धरावा, ही अपेक्षा वावगी ठरू नये.