'संततिनियमन' ते 'कुटुंबनियोजन' : एका शब्दबदलाची चिकित्सा

प्रा. र. धों. कर्वे यांच्याविषयी मराठीत आदराने लिहिले जाते. मुंबईतील १९२१ चे संततिनियमन केंद्र, १९२५ मध्ये सुटलेली विल्सन महाविद्यालयातील नोकरी, जुलै १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत चालविलेले 'समाजस्वास्थ्य' मासिक, हा तपशील सर्वपरिचित आहे. २००१ मध्ये अमोल पालेकर यांचा 'ध्यासपर्व' हा चित्रपट आला, तर २०१७ मध्ये अजित दळवी लिखित व अतुल पेठे दिग्दर्शित 'समाजस्वास्थ्य' हे नाटक रंगभूमीवर आले. प्रस्तुत लेखाचा हेतू कर्वे यांचा गौरव करणे हा नाही. त्यांच्या विचारातील काय आपण स्वीकारले व काय सोयीस्करपणे गाळले, हे उदगीरसारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थिनीच्या बाजूने पाहावयाचे आहे.

दळवी यांच्या नाटकाच्या केंद्रस्थानी कर्वे यांच्यावरील खटले आहेत. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. या घटनेतील नाट्य निर्विवाद आहे. परंतु न्यायालय रंगमंचावर आले की प्रश्न अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होतो. वस्तुतः हा खटला ज्यावरून झाला तो मजकूर म्हणजे वाचकांच्या लैंगिक शंका व त्यांना दिलेली उत्तरे. आरोपी लक्षात राहतो, शंका विचारणारा वाचक मात्र विस्मरणात जातो. आपल्या चर्चासत्रांतही यापेक्षा वेगळे घडत नाही. कर्वे 'द्रष्टे' ठरतात आणि त्यांनी सांगितलेल्या साधनांचा उल्लेखही होत नाही!

'संततिनियमन' या शब्दात विवाहाची अट नाही. शासनाने १९५२ मध्ये कार्यक्रम सुरू केला तो 'कुटुंबनियोजन' या नावाने. पुढे 'कुटुंबकल्याण' हा शब्द रूढ झाला. कर्वे यांचा भर स्त्रीच्या आरोग्यावर व सुखावर होता, शासनाचा लोकसंख्येवर. 'कुटुंब' शब्दाबरोबर विवाह गृहीत धरला गेला. आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत आजही 'पात्र जोडपी' असतात. अविवाहित विद्यार्थिनीसाठी त्या वहीत रकानाच नाही.

या बदलाचा आणखी एक परिणाम झाला. कर्वे यांनी मूल न होऊ देण्याचा निर्णय घेऊन स्वतः नसबंदी करून घेतली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के आहे. अपत्ये झाल्यानंतर स्त्रीची शस्त्रक्रिया, हाच आपल्याकडील गर्भनिरोधाचा मुख्य अर्थ होऊन बसला आहे. वीस वर्षांच्या मुलीला त्याचा उपयोग काय?

आश्चर्य असे की, कायदा नोंदवहीच्या पुढे गेला आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात साधन निकामी ठरल्याची सवलत 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांच्यापुरती होती. २०२१ च्या दुरुस्तीने तेथे 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतही अविवाहित स्त्रीला सामावून घेतले. म्हणजे अपयशानंतरचा मार्ग तिला खुला झाला. अपयश टाळण्याचे ज्ञान देण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. महाराष्ट्रात २००७ मध्ये शालेय लैंगिक शिक्षणावर बंदी आली होती, हेही येथे आठवावे.

महाविद्यालयांत हिमोग्लोबिन तपासणीची शिबिरे होतात. ती हवीतच. पण तातडीची गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यावयाची असते, ती नियमित साधनाची जागा घेत नाही आणि एचआयव्हीसारख्या संसर्गापासून संरक्षण देत नाही, ते निरोधनेच मिळते, एवढी चार वाक्ये त्या शिबिरात उच्चारली जात नाहीत. 'मुली बिघडतील' हा आक्षेप कर्वे यांच्या काळीही घेतला जात होता. त्यात माहिती आणि वर्तन यांची गल्लत आहे; माहिती नसल्याने संबंध थांबत नाहीत, फक्त असुरक्षित होतात.

२०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचा वयोगट १० ते १९ वर्षे आहे. पदवीच्या तृतीय वर्षाची विद्यार्थिनी त्यातून बाहेर पडलेली असते आणि 'पात्र जोडप्यां'त अजून आलेली नसते. तिला गोळी औषध दुकानात चिठ्ठीविना मिळते. प्रश्न विचारण्यासाठी मात्र 'समाजस्वास्थ्य'सारखा पत्ता तिच्याजवळ नाही.