टिंग कुणाचं?

आपण सिनेमाच्या पार्श्वसंगीतावर लिहितो, मालिकांच्या शीर्षकगीतांवर वाद घालतो, जाहिरातींच्या जिंगल्स वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. पण दिवसभरात जो आवाज सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडतो, त्याची समीक्षा कुणी करत नाही. मेसेज आल्याचा आवाज. जेमतेम एक-दीड सेकंदाचा. कुणीतरी बसून तो रचलेला असतो, कुणीतरी अनेकांतून निवडलेला असतो आणि तो कोट्यवधी माणसांच्या खिशात वाजत असतो. मग त्याला एक रचना मानून ‘ही चांगली आहे का?’ असं विचारायला काय हरकत आहे? मी इथे तेच करणार आहे. फक्त आधीच सांगते, मला हा प्रश्न मुख्यतः सुरांचा वाटत नाही. हा आवाज कुणाशी बोलतो, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

नोकियापासून सुरुवात करू. तुमच्यातल्या अनेकांनी तो फोन आजीच्या कपाटातच पाहिला असेल. त्यात मेसेजसाठी ‘स्पेशल’ नावाचा एक टोन होता. तीन आखूड, दोन लांब, पुन्हा तीन आखूड. मोर्सच्या संकेतलिपीत तीन टिंबं म्हणजे इंग्रजी ‘एस’ आणि दोन रेघा म्हणजे ‘एम’. म्हणजे फोन अक्षरशः ‘एसएमएस’ असं स्पेलिंग म्हणून दाखवत होता. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला. त्यानंतर काही वर्षांतच आलेल्या या टोनमध्ये शंभर वर्षांहून जुनी तारायंत्राची भाषा लपलेली होती. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नव्हतं आणि त्यामुळे काही बिघडतही नव्हतं. चांगल्या रचनेत असं होतं. अर्थ कळला तर मजा वाढते, नाही कळला तरी काम होतं.

दुसरी रचना आयफोनची ‘ट्राय-टोन’. तीन स्वर, मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याच्या नादातले. तिची जन्मकथा फार गमतीची आहे. केली जॅकलिन या प्रोग्रॅमरने ती १९९०च्या दशकाच्या शेवटी केली, तीही फोनसाठी नव्हे, तर ‘साउंडजॅम’ नावाच्या मॅकवरच्या संगीत-सॉफ्टवेअरसाठी. सीडी बर्न होऊन संपली की ती वाजायची. अॅपलने साउंडजॅम विकत घेतलं, त्याचं आयट्यून्स केलं आणि २००७ साली आयफोन आला तेव्हा हेच तीन स्वर मेसेजचा आवाज म्हणून त्यात आले. ‘झालं तुझं काम’ असं सांगायला रचलेला आवाज ‘आलं बघ काम’ असं सांगू लागला. आपल्या पिढीच्या थकव्याचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

हे आवाज यशस्वी का होतात, याचं कारण साधं आहे. ठोकून वाजणाऱ्या वाद्याचा स्वर चटकन उमटतो आणि चटकन विरतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला खर्ज झेपत नाही, आणि माणसाचा कान साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो. म्हणून घंटा, लाकूड, पाण्याचा थेंब, काचेवरची टिचकी हीच मंडळी पुन्हा पुन्हा येतात. आणखी एक अट आहे. या आवाजात अर्थ कमी असावा लागतो. दिवसातून चाळीसदा ऐकायची गोष्ट भावनेने ओथंबलेली असून चालत नाही. म्हणून आवडतं गाणं मेसेजला लावणाऱ्यांना माझा सल्ला असतो की गाण्यावर दया करा. गाणं मेसेजला लावणं म्हणजे त्याला हमालीला जुंपणं. पंधरा दिवसांत त्या गाण्याची पहिली ओळ ऐकली की प्रेम आठवत नाही, ऑफिसचा ग्रुप आठवतो.

इथवर सुरांची समीक्षा झाली. आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते.

नोकियाच्या त्या साध्यासुध्या फोनांत ‘कॉलर ग्रुप्स’ नावाची सोय असायची. ‘फॅमिली’, ‘फ्रेंड्स’, ‘व्हीआयपी’ अशा गटांत नंबर टाकायचे आणि प्रत्येक गटाला वेगळी रिंगटोन द्यायची. म्हणजे निदान कॉलपुरती तरी आवाजाची वाटणी माणसांप्रमाणे होती. स्मार्टफोनने ही वाटणी बदलली. आता आवाज आधी अॅपचा असतो. २०१७ साली अँड्रॉइड ८ आलं, तेव्हा नोटिफिकेशनचे ‘चॅनल’ आले आणि एकाच अॅपमधल्या ऑर्डर, ऑफर, चॅट अशा प्रकारांना वेगवेगळे आवाज देण्याची किंवा त्यांना गप्प करण्याची मुभा आपल्याला मिळाली. मुभा चांगलीच आहे. पण त्या याद्या एकदा उघडून बघा. एकेका अॅपचे दहा-दहा चॅनल, आणि त्यांची नावं कंपनीच्या सोयीची. बरीच स्क्रोल केली तरी ‘आई’ नावाचा चॅनल काही सापडत नाही. माणसं थोडी परत आली ती २०२० साली, अँड्रॉइड ११ मध्ये संभाषणांना वेगळा विभाग मिळाला तेव्हा.

आयफोनवर तर २०२३ साली एक छोटं नाट्यच झालं. आयओएस १७ आलं आणि दुसऱ्या कंपन्यांच्या अॅप्सचा ठरलेला ट्राय-टोन जाऊन ‘रिबाउंड’ नावाचा मऊ, बोदा आवाज आला. तो ऐकूच येत नाही, अशी लोकांची तक्रार सुरू झाली. डिसेंबरमध्ये १७.२ या अपडेटमध्ये अॅपलने तो बदलण्याची सोय दिली. लोकांना सवयीचे स्वर हवे होते, एवढाच याचा अर्थ लावता येईल. मला त्यात जास्त काही दिसतं. आपल्या खिशातला आवाज आपल्याला न विचारता बदलता येतो, हे त्या दिवशी अनेकांना पहिल्यांदा कळलं.

पण ‘आपला’ आवाज म्हणजे तरी काय? तो फक्त आपल्याशीच बोलतो का?

दोन वर्षांपूर्वी काका एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात होते, आणि मी चार रात्री बाहेरच्या हॉलमध्ये काढल्या. लोखंडी खुर्च्या, सतरंज्या, थर्मास, एका चार्जिंग पॉइंटला लटकलेले पाच फोन. घरच्यांचे निरोप, औषधांचे निरोप, कुणी किती पैसे पाठवले त्याचे निरोप, सगळे फोनवरच. रात्री दोन वाजता कुठेतरी ‘टिंग’ व्हायचं आणि आठ-दहा हात एकदम खिशाकडे, उशाकडे जायचे. सगळ्यांचा आवाज तोच, कंपनीने दिलेला. प्रत्येकाला वाटायचं, आपलं आहे. नऊ जणांचं नसायचं. पण तेवढ्या दोन सेकंदांत त्या नऊ जणांच्या पोटात जो खड्डा पडायचा, तो खराच असायचा.

त्या हॉलमध्ये एक आजोबा होते. त्यांच्या फोनवर मेसेज आला की कोंबडा आरवायचा. नातवाने लावून दिला होता म्हणे. पहिल्या रात्री लोक वैतागले, हसलेही. तिसऱ्या रात्री मी पाहिलं की कोंबडा आरवला की आजोबा उठायचे, चष्मा शोधायचे, आणि बाकीचा हॉल नुसता कूस बदलून झोपायचा. सुरांच्या हिशेबात तो आवाज अगदीच गावंढळ होता. मघाशी मी सांगितलेले सगळे नियम त्याने मोडले होते. तरी त्या हॉलमधली ती सर्वांत चांगली रचना होती. कारण ती आजोबांना ‘तुमचं आहे’ असं सांगत होती आणि आम्हा सगळ्यांना ‘तुमचं नाही’ असं सांगत होती. हे दुसरं सांगणं किती मोलाचं असतं, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

आवाज बदलण्याच्या सोयीला इंग्रजीतून आलेला ‘पर्सनल’ हा शब्द चिकटला आणि आपण ती हौस समजून बसलो. माझा फोन, माझी आवड, माझी स्टाइल. पण आवाजाला मालकाचा कान आणि शेजाऱ्याचा कान असा भेद करता येत नाही. आपल्या गल्ल्यांना हे चांगलं ठाऊक होतं. भंगारवाल्याची हाक वेगळी, कल्हईवाल्याची वेगळी, बोहारणीची वेगळी, पोस्टमनच्या सायकलची घंटी वेगळी. ज्याला भांडी द्यायची तो दाराशी यायचा, बाकीचे हातातलं काम सोडायचे नाहीत. पहाटे वासुदेवाच्या चिपळ्या वाजल्या की दूधवाला आला असं समजून कुणी पातेलं घेऊन धावत नसे. गिरणगावात भोंगा सगळ्या चाळीला ऐकू यायचा, पण पाळी ज्याची असेल त्याने उठायचं. हे सगळं फार मधुर होतं असं मी म्हणत नाही. भोंग्याच्या आठवणी काढून हळवं व्हायला मला जमत नाही, त्यात माणसांची झोप गेलेली आहे. पण प्रत्येक आवाजाला पत्ता होता, एवढं खरं.

म्हणून सगळे फोन एकाच आवाजात वाजणं वाईटच, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो मी इथेच थांबवते, कारण त्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो मला जवळून माहीत आहे.

दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहतात. त्यातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने एकाच नंबरला वेगळा टोन लावला, तर काय होईल? दोन दिवसांत आईला कळेल, चार दिवसांत भावाला. दिवसातून किती वेळा, रात्री किती वाजेपर्यंत, हा सगळा हिशेब घरातल्या प्रत्येकाच्या कानावर जाईल. अशा घरात कंपनीचा ठरलेला आवाज म्हणजे गर्दीत मिसळून चालण्याची सोय. बँकेचा ओटीपी, कॉलेजचा ग्रुप आणि तो एक मेसेज, तिन्हींचं ‘टिंग’ सारखंच. माझ्या कितीतरी मैत्रिणींनी ही सोय वापरली आहे, मीही वापरली आहे. ‘डिफॉल्ट बदला, स्वतःचा आवाज शोधा’ असं म्हणणाऱ्या लेखांमध्ये ही मुलगी कधी नसते. तिला पत्ता लपवायचा असतो आणि तो तिचा हक्क आहे.

म्हणजे एकसारखा आवाज कधी पोटात खड्डा पाडतो, कधी आडोसा देतो. दोन्ही वेळा मुद्दा एकच आहे. आजूबाजूच्यांना काय कळावं आणि काय कळू नये, हे ज्याचा फोन त्याला ठरवता यायला हवं.

यावर तरुण वाचकांचं तयार उत्तर मला माहीत आहे. फोन कायमचा सायलेंट. माझ्या वयाच्या अर्ध्या लोकांच्या फोनचा आवाज मी कधी ऐकलेलाच नाही. वर्गात, लोकलमध्ये, सिनेमाला हे सभ्यच आहे. पण सायलेंटची किंमत आपण मोजत नाही. फोन बोलत नाही, म्हणून आपणच त्याला दर पाच मिनिटांनी विचारत बसतो, ‘काही आलं का?’ त्या हॉलमध्ये सायलेंटवाले होतेच. ते चारही रात्री झोपले नाहीत, पडद्याकडे बघत बसले.

आणि काही आवाज सगळ्यांसाठी एकच असायला हवेत, हेही मान्य करायला हवं. २०२३ साली दूरसंचार विभागाने आपत्कालीन इशाऱ्याच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा एकाच वेळी आसपासचे फोन सायरनसारखे किंचाळू लागले. लोक दचकले, चिडले. पण पूर आला तर तो निरोप सगळ्यांचाच असणार, म्हणून तिथे सगळ्यांनी एकदम खिशात हात घालणं बरोबर आहे. दुकानातला साउंडबॉक्सही मला याच कसोटीवर उत्तम वाटतो. रक्कम मराठीत मोठ्याने सांगितली जाते ती दुकानदारासाठी, पण गिऱ्हाइकालाही कळतं की आता निघायला हरकत नाही. एक वाक्य, दोन ऐकणारे, दोघांचं काम झालं.

वाईट आवाज कुठले, ते यावरून सांगता येतं. दुपारी तीन वाजता ‘भूक लागली का?’ असं विचारणारं अॅप जेव्हा आईच्या मेसेजच्याच आवाजात वाजतं, तेव्हा ते आईची जागा फुकटात वापरत असतं. त्या ‘टिंग’ला आपण जे धावून जातो ते आईमुळे, आणि फायदा होतो तो बिर्याणीच्या जाहिरातीचा. सुरांत काही खोट नसते. खोट असते ती आवाजाने दुसऱ्याची ओळख सांगण्यात.

म्हणून माझी सूचना छोटी आहे. नवा टोन शोधण्यात तास घालवू नका. आधी ज्या अॅपला तुमच्याशी काही काम नाही, त्याला गप्प करा. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये एकट्याच्या आणि ग्रुपच्या मेसेजचे टोन वेगळे करता येतात, ते करा. मग ज्या एका माणसाचा मेसेज रात्री दोन वाजता आला तरी तुम्हाला उठायचं आहे, त्याचं नाव उघडून फक्त त्याला वेगळा आवाज द्या. तो कोंबडा असला तरी चालेल. घरात ते नाव कुणाला कळायला नको असेल, तर मात्र सगळं आहे तसंच राहू द्या.