दवाखान्याच्या भिंतीवर कोणाचे चित्र?

सरकारी भिंत 'आदिवासी कलेने' सजवायची ठरली, की आपल्याकडे बहुधा वारली चित्रेच काढली जातात. ही कला डहाणू-पालघरची. लग्नघरी सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, ही तिची मूळ जागा. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगापुढे नेली. बुलढाणा जिल्ह्यात मात्र जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू आणि निहाल राहतात. तिथून बाळंतपणाला आलेल्या बाईला तारप्याचा नाच परकाच.

मग कोरकूंचीच कला लावावी? त्यांचे देखणे कोरीवकाम म्हणजे मुंडा: सागाच्या फळीवर घोडेस्वार, सूर्य, चंद्र. पण तो मृतांच्या स्मरणार्थ उभारतात. प्रसूतिकक्षाबाहेर त्याची नक्कल लावली, तर ते स्वागत कसले?

म्हणून रंगाआधी विचारणा हवी: कोणते रूप, कोणत्या दारी, कोणाच्या हातचे? काढणाऱ्याला रास्त मोबदला आणि भिंतीवर त्याचे नाव. शिवाय कोरकू मराठीहून वेगळ्या कुळातली भाषा. निहाली तर कोणत्याच कुळात न बसणारी. केसपेपरच्या खिडकीत त्यातले दोन शब्द समजणारे कोणी नसेल, तर भिंत कितीही बोलकी असो, दवाखाना मुकाच राहतो.