पिंपाला पुरून उरणारी स्टाउट

शिकागोच्या गूस आयलंड ब्रूअरीची ‘बर्बन काउंटी स्टाउट’ ग्लासात गुऱ्हाळातल्या काकवीसारखी संथ, जड उतरते. तांबूस-तपकिरी फेस येतो तोही बेताचाच, आणि बघता बघता विरतो. मद्यार्क साधारण १४ टक्के, नेहमीच्या लागरच्या जवळजवळ तिप्पट. इतक्या तीव्र बिअरवर फेस टिकत नाही. ती उणीव मानू नये. ग्लास दिव्यासमोर धरा, पलीकडचं काहीही दिसत नाही.

नाकाशी आधी येतं लाकूड. अमेरिकी कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की मुरवायला आतून जाळलेलं, नवंकोरं ओकचं पिंप लागतं. एकदा वापरलेलं दुसऱ्यांदा चालत नाही. साहजिकच बर्बनचं माहेर असलेल्या केंटकीत रिकाम्या पिंपांना तोटा नाही. १९८८ साली सुरू झालेल्या गूस आयलंडच्या ब्रूपबमध्ये ब्रूअर ग्रेग हॉल यांनी नव्वदच्या दशकात जिम बीम या बर्बन कंपनीच्या बुकर नो यांच्याकडून अशी पिंपं मिळवली आणि त्यांत दाट स्टाउट भरली. आगीनं ओकमधलं लिग्निन मोडून व्हॅनिलिन तयार झालेलं असतं, ओकच्या लॅक्टोनांना ओल्या नारळाचा वास असतो. उन्हाळ्या-हिवाळ्यात फळ्या फुगतात, आक्रसतात आणि बिअर लाकडात शिरून परत येते. पहिल्या वासातला व्हॅनिला आणि खोबरं या येरझाऱ्यांतून आलेलं आहे.

पण हिची खरी थोरवी लाकडात नाही, असं मला ठामपणे वाटतं. पिंपात मुरवलेल्या पुष्कळ बिअर इथेच हरतात: घोट घ्यावा तर बर्बन तेवढी लागते आणि खालची बिअर पातळ, बिचारी होऊन जाते. इथे माल्टच इतकं भक्कम आहे की पिंपाला त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं. जिभेवर प्रथम गर्द चॉकलेट, लगेच काळा खजूर, करपायच्या बेतात आलेली साखर. बर्बन येते ती मध्यावर, ऊब घेऊन. घसा जाळत नाही, छातीत उतरते. गोडी आता डोईजड होणार असं वाटतं, तोच भाजलेल्या जवाचा कडवटपणा तिला अडवतो आणि ओकचं टॅनिन जिभेच्या कडा कोरड्या करतं. हा तुरट शेवट नसता तर दुसरा घोट घेववला नसता.

फ्रिजमधून काढल्या काढल्या मात्र पिऊ नये. थंडगार असताना ती नुसती कडू आणि तिखट लागते. तळहातांत ग्लास धरून १२-१३ अंशांवर येऊ द्यावी. मग तंबाखूचं पान, जुनं चामडं, मनुका असं एकेक उलगडत जातं. त्याच ग्लासातला शेवटचा घोट पहिल्यापेक्षा किती तरी श्रीमंत असतो.

दरवर्षी हिच्या निरनिराळ्या आवृत्त्याही निघतात. कॉफीची मला पटते, कारण भाजलेल्या जवाशी कॉफीचं नातं आहे. फळं नि मसाले घातलेल्यांत मूळ बिअर शोधत बसावं लागतं. घ्यायची तर साधीच घ्या, अर्ध्या लिटरची बाटली चौघांत वाटा आणि सोबत केक-चॉकलेट ठेवू नका. निळ्या बुरशीचं खारट चीज ठेवा. त्या मिठानं हिच्यातलं चॉकलेट आणखी पुढे येतं.